वळचणीचं पाणी

बाहेर उणे पंधरा होतं आणि आमचं छप्पर गळत होतं.

२०१९ च्या फेब्रुवारीतली दुपार. आभाळ निरभ्र, ऊन लख्ख, पण त्या उन्हाला ऊब अजिबात नाही. जेवणाच्या टेबलावर लेकीची वही उघडी होती, तिच्यावर टपकन एक थेंब पडला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग दुसरा थेंब. वर पाहिलं तर भिंत आणि छत मिळतात तिथे चहाच्या डागासारखा पिवळट ओघळ उतरलेला. पाऊस नाही. त्या जागी वर नळ नाही, न्हाणीघर नाही. आणि बाहेर पाण्याची बादली ठेवली तर बघता बघता दुधावर साय धरावी तसा तिच्यावर बर्फ धरेल, अशी थंडी.

मी राजापूर तालुक्यातली, कौलारू घरात वाढलेली. गळतं घर मला नवं नाही. आषाढात माजघरात टोप कुठे ठेवायचा आणि घमेलं कुठे, हे आम्हा भावंडांना पाठ होतं. पण तिथला हिशेब सरळ असतो. वरून पाऊस, मध्ये फुटकं कौल, खाली आपण. त्या दुपारी हिशेबातला पाऊसच नव्हता.

ते घर आम्ही आदल्या उन्हाळ्यात घेतलं होतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस शहराच्या दक्षिण भागातलं, १९४८ साली बांधलेलं, दीड मजली. इथल्या जुन्या वस्त्यांत अशी घरं गल्लोगल्ली दिसतात. खाली पुरा मजला, वर छपराच्या उतारातच बसवलेल्या एक-दोन खोल्या. छत दोन्ही बाजूंनी आत झुकत येतं आणि जिथे माणूस ताठ उभा राहू शकत नाही तिथे कमरेएवढी भिंत घालून खोली संपवतात. त्या भिंतीमागे उरतो एक काळोखा त्रिकोण. मला त्या वरच्या खोल्या पाहताक्षणी आवडल्या. आजोळच्या माळ्याची आठवण झाली. याच बांधणीच्या घरांना हिवाळ्यात छपराचा त्रास सगळ्यात जास्त होतो, हे घर घेताना आम्हाला कुणी सांगितलं नाही. विचारायचं असतं हेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी ३० जानेवारीला पारा उणे ३३ सेल्सिअसपर्यंत उतरला. पाठोपाठ फेब्रुवारीत ३९ इंच हिम पडलं. शहराच्या नोंदीत इतक्या हिमाचा फेब्रुवारी दुसरा नाही. आमच्या वळचणीला पागोळ्या गोठून लोंबू लागल्या. आधी बोटाएवढ्या, मग हाताएवढ्या, शेवटी लेकीच्या उंचीच्या. सकाळच्या उन्हात त्या पेटल्यासारख्या दिसत. मी फोटो काढून गावी पाठवले. आई म्हणाली, "काचेचं तोरण बांधलंय गं कुणीतरी तुझ्या दाराला." आम्ही खूश होतो. शेजारचे आजोबा मात्र एकदा त्यांच्या पायरीवर उभे राहून बराच वेळ आमच्या छपराकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुमची ऊब वर फार सांडतेय." वाक्य कळलं, अर्थ कळला नाही. टेबलावर थेंब पडला तेव्हा मी आधी त्यांच्याकडे धावले.

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. आढं म्हणजे छपराचा माथा, वळचण म्हणजे त्याची खालची कड. पाणी आढ्याकडून वळचणीला यायचं, उलटं कधी नाही. लहानपणी पडवीत बसून चार-चार महिने मी ही म्हण खरी होताना पाहिली आहे. मिनियापोलिसमध्ये ती माझ्या डोक्यावर खोटी पडत होती.

घडतं ते असं. घरात आपण वीस-एकवीस अंश ऊब धरून असतो. गरम हवा वर जाते. दिव्यांच्या भोकांतून, नळांच्या पाइपाभोवतीच्या फटींतून, धुराड्याच्या कडेने, माळ्याच्या झडपेतून ती पोटमाळ्यात शिरते आणि छपराच्या फळ्या खालून तापवते. फळ्यांवर फूट-दीड फूट हिम. हिमात हवा कोंडलेली असते, त्यामुळे ते स्वतःच एक जाड पांघरूण असतं आणि बाहेरची थंडी फळीपर्यंत पोचू देत नाही. फळी शून्याच्या वर गेली की हिमाचा अगदी तळाचा थर वितळतो. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही, सगळं पांढरंशुभ्र. ते पाणी हिमाच्या पोटाखालून वळचणीकडे निघतं. पण वळचण घराच्या भिंतीबाहेर आलेली असते. तिच्याखाली उबदार खोली नाही, नुसती गोठवणारी हवा. पाणी तिथे पोचतं आणि थिजतं. मागून आणखी येतं, तेही थिजतं. होता होता कडेला शेताच्या बांधासारखा बर्फाचा बांध उभा राहतो. इंग्रजीतही त्याला धरणच म्हणतात, आइस डॅम. बांधामागे तळं साचतं.

आता कौल घ्या नाहीतर इथलं डांबरी शिंगल घ्या, वरचं खालच्यावर चढवलेलं असतं ते वाहत्या पाण्यासाठी. घसरत जाणारं पाणी ते आत येऊ देत नाही. साचलेल्या पाण्यापुढे त्याचं काही चालत नाही. तळं वाढतं, पाणी वळचणीकडून आढ्याच्या दिशेने शिंगलखालून वर सरकतं, एखाद्या खिळ्याचं भोक गाठतं आणि घरात उतरतं. लेकीच्या वहीवर पडलेला थेंब आम्हीच तापवून, आम्हीच वितळवून घरात घेतला होता. पाऊस बाहेर पडतच नव्हता. तो आमच्या घरातून निघाला होता. हे समजलं तेव्हा मी हादरले. जन्मभर छप्पर म्हणजे बाहेरच्याला अडवणारी गोष्ट असं मानत आले होते.

छप्पर दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला बोलावलं. त्याने रस्त्यावरून पाहून पाच मिनिटांत निकाल दिला: छप्पर म्हातारं झालंय, नवं घाला, आणि कडेने विजेवर तापणारी तार नागमोडी बसवा. आम्ही जवळजवळ हो म्हणत होतो. नव्या छपराखाली वळचणीला एक चिकट, पाणी न झिरपणारा पडदा घालतात, बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या आत निदान दोन फुटांपर्यंत. इथल्या नियमात तो आहे आणि असलाच पाहिजे. पण तो अखेरची ढाल आहे. तळं साचायचं ते साचलंच असतं. त्या माणसाने पोटमाळ्याची झडप उघडायला सांगितली नाही, याचा मला आजही राग येतो. वर गळतंय म्हणून त्याने फक्त वर पाहिलं.

त्या संध्याकाळी मदतीला आले ते आजोबाच. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर खुंटीला टांगलेला रूफ रेक घेऊन आले. ॲल्युमिनियमचा एकाला एक जोडत न्यायचा लांबच लांब दांडा आणि टोकाला आडवी फळी. खळ्यात वाळत घातलेलं भात ओढायला आमच्याकडे जी फळी असते, तिचीच लांब हाताची बहीण. जमिनीवर उभं राहायचं, छपरावर चढायचं नाही. कडेचं तीन-चार फूट हिम ओढून खाली पाडायचं, पण पार खरवडायचं नाही, बोटभर थर राहू द्यायचा, नाहीतर शिंगलवरची बारीक खडी निघून येते. विजेच्या तारेच्या जवळपास दांडा न्यायचा नाही. मग त्यांनी माझे जुने लांब पायमोजे मागितले. त्यांत कॅल्शियम क्लोराइडचे दाणे भरून, गाठ मारून, बांधावर उताराच्या दिशेने उभे टाकायचे. दाणे बर्फात हळूहळू चर पाडतात आणि तळ्याला वाट मिळते. स्वयंपाकाचं मीठ घालायचं नाही, त्याने पन्हळ गंजते आणि खालची झाडं जळतात. कुऱ्हाड, हातोडा तर मुळीच नाही. बर्फ फुटायच्या आधी शिंगल फुटतं. नवऱ्याने खालून नेम धरून मोजे फेकले, तिसऱ्या फेकीला पहिला बसला. रात्री नवाच्या सुमाराला पन्हळीतून पाण्याची धार लागली आणि वहीच्या जागी ठेवलेल्या पातेल्यातला आवाज थांबला. दोन दिवसांनी वाफेच्या यंत्राने बर्फ कापणारी माणसं मिळाली, त्यांनी उरलेला बांध काढला.

त्या रात्री झोप आली नाही. घर शाकारायचे दिवस आठवत राहिले.

वैशाख सरत आला, आंब्यांच्या आढ्या लागल्या की आमच्याकडे घर शाकारायचं. मृगाच्या आधी ते झालंच पाहिजे. आमचं मधलं घर मंगलोरी कौलांचं, मागची पडवी जुन्या नळ्यांची. शाकारणारे भाऊकाका पाय ठेवायचे ते रिपांच्या रेषेवर, बोटांनी चाचपत, आणि वरून कौल खाली द्यायचे. खाली आम्ही रांगेने उभे. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात कौलं जायची, अंगणात त्यांची चळत लागायची. वाशांवरची जळमटं, फणसाचा पाचोळा, उंदरांची घरटी असं वर्षभराचं सगळं खाली यायचं. वानरांनी उड्या मारून फोडलेली कौलं बाजूला. नव्या कौलावर काका बोटाच्या पेराने टिचकी मारायचे. ठणठणीत वाजलं तर वर, बसका आवाज आला तर ते कोंबड्यांच्या खुराड्यावर. सगळ्यात शेवटी आढ्यावरची कोनं बसवायची.

आणि मग आजीचं काम. भर दुपारी ती माजघराची दारं-खिडक्या लावून घ्यायची. काळोखात जमिनीवर कुठे कुठे उन्हाचे कवडसे पडत. आजी काठीने एकेक दाखवायची आणि आम्ही ओरडून वर सांगायचो, "चुलीपासून दोन हात, देवघराच्या अंगाला!" काका कौल सरकवत, कवडसा मिटे. आज उजेड येतोय तिथून उद्या पाणी येणार, एवढं साधं तिचं शास्त्र. तरी ते घर कधी हवाबंद नव्हतं. चुलीचा धूर कौलांच्या सांध्यांतून निवांत बाहेर पडे. पहाटे लांबून पाहिलं की अख्खं छप्पर वाफाळलेलं दिसे. तिथे ऊब कुणाला साठवायची होती?

आता दादा म्हणतो, शाकारायला माणूस मिळत नाही. गेल्या वर्षी त्यानेही कौलांवरून पत्रा घातला. त्याला दोष देत नाही, पण ऐकून घशाशी काहीतरी आलं.

२०१९ च्याच मार्चमध्ये आमच्या घराची तपासणी झाली. ते तंत्र पाहून आजीच हवी होती असं वाटलं. घराच्या दाराच्या चौकटीत कापड ताणून त्यात मोठा पंखा बसवतात. तो घरातली हवा बाहेर ओढतो आणि आत-बाहेरच्या दाबात ५० पास्कलचा फरक पाडतो. मग जिथे जिथे फट आहे तिथून हवा घरात धावते. तपासायला आलेल्या मुलीच्या हातात उष्णता दाखवणारा कॅमेरा होता. छताजवळ, दिव्यांभोवती, कमरेएवढ्या भिंतींच्या पायथ्याशी निळ्या रेघा चमकल्या. मी तिला कवडशांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, मीही तेच करते, फक्त हवेचे.

मग आम्ही झडप उघडून वर गेलो. पोटमाळ्यात पिवळं, दबून विरलेलं फायबरग्लास, म्हणजे काचेच्या तंतूंचं पांघरूण, पसरलेलं होतं. आधी तिने ते नीट पाहून घेतलं. इथल्या काही जुन्या घरांत ऊब धरायला अभ्रकासारखे चमकणारे व्हर्मिक्युलाइट या खनिजाचे दाणे भरलेले असतात. मोंटाना राज्यातल्या लिबी गावच्या खाणीतून आलेल्या त्या मालात फुप्फुसांना घातक असं ॲस्बेस्टॉस असे, आणि त्यातला काही माल इथेच ईशान्य मिनियापोलिसमध्ये तापवून फुलवला जायचा. तो निघाला तर हात लावायचा नाही, आधी जाणकाराकडून तपासून घ्यायचं. आमच्याकडे तो नव्हता. होते ते फायबरग्लासवर काळे डाग. मला वाटलं बुरशी. ती म्हणाली, धूळ. खालून वर जाणारी हवा त्या तंतूंतून गाळून जाते आणि सत्तर वर्षांची धूळ मागे ठेवते. जिथे काळं, तिथे फट. न्हाणीघराच्या पाइपाजवळ काळं, धुराड्याभोवती काळं, आतल्या भिंतींच्या माथ्यांवरून लांबच लांब काळी रेघ. आजीच्या माजघरातले कवडसेच, शाईत बुडवलेले.

कामाचा क्रम तिने सांगितला, आणि तो मी पुढे कितीतरी ओळखीच्यांना सांगत आले आहे: आधी फटी बुजवा, मग पांघरूण घाला, हवा खेळवण्याचं नंतर बघा. लोक उलटं करतात. पांघरूण विकत आणून पसरणं सोपं, धुळीत आडवं पडून फटी शोधणं अवघड. पण फटी तशाच ठेवून वर कितीही जाड थर घाला, हवा त्यातून वाट काढतेच.

सप्टेंबरात काम झालं. बहुतेक फटी फवारल्यावर फुगून घट्ट होणाऱ्या फेसाने भरल्या. धुराड्याभोवती मात्र पत्रा आणि आग सोसणारं लुकण, तिथे फेस चालत नाही. कमरेएवढ्या भिंतींखाली तुळयांच्या मधल्या पोकळ्या सरळ थंड त्रिकोणात उघड्या होत्या. प्रत्येक पोकळीत फोमच्या पत्र्याचा तुकडा कापून बसवला आणि कडा बुजवल्या. हे काम सगळ्यात किचकट आणि सगळ्यात मोलाचं. उतरत्या छताच्या आत सेल्युलोज दाबून भरलं. सेल्युलोज म्हणजे रद्दी वर्तमानपत्रांचा भुगा, त्यात बोरॉनचे क्षार मिसळलेले, आग आणि किडे लागू नयेत म्हणून. पोटमाळ्याच्या जमिनीवर त्याचा १४ इंचांचा थर पडला. मी मूठभर हातात घेऊन पाहिलं. करडा, मऊ, कापसासारखा, आणि एका चिटोऱ्यावर अजून दोन अक्षरं शाबूत.

पोटमाळा आहे तिथे घराने गोधडी पांघरायची ती छपराला लागून नाही, पोटमाळ्याच्या जमिनीवर. पोटमाळा गोधडीच्या बाहेर. वळचणीखालच्या जाळीतून थंड हवा आत यावी, छपराच्या पोटाला घासत वर जावी आणि आढ्याच्या फटीतून निघून जावी. छप्पर थंड ठेवायचं. हे मनाला पटवायला मला वेळ लागला. अंगावर हिम झेलणाऱ्या गोष्टीला आपण ऊब द्यावी असंच वाटतं. पण तिला ऊब दिली की तीच गळते.

आणखी एक गोष्ट त्या पोटमाळ्यात दिसली होती, ती सांगायलाच हवी, कारण ती थेट आपल्या स्वयंपाकघराशी येऊन भिडते. गळती लागली त्या आठवड्यात टॉर्च घेऊन मी एकदा झडपेतून डोकं वर काढलं होतं. छपराच्या फळ्यांतून खाली आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर हिमाचा गोंडा होता. शेकडो खिळे, शेकडो गोंडे, आणि टॉर्च फिरवला की सगळे लुकलुकत. इतकं सुंदर आणि इतकं अशुभ काही मी क्वचितच पाहिलं आहे. ती आमच्या घरातली वाफ होती. श्वास, अंघोळी, वाळत घातलेले कपडे, डाळ-भाताच्या कुकरच्या शिट्ट्या, इडल्या. उबदार हवेबरोबर वाफ वर गेली आणि थंड लोखंडावर बसली. थंडी जरा ओसरली की हे सगळं एकदम वितळतं आणि बर्फाचा बांध नसतानाही घरात थेंब पडू लागतात. आमच्या न्हाणीघराच्या पंख्याची नळी तर बाहेर जायच्या ऐवजी पोटमाळ्यातच सुटून पडलेली निघाली. चुलीवरचा पंखा वाफ गाळून परत स्वयंपाकघरातच सोडत होता. आता दोन्ही भिंतीबाहेर जातात, आणि मोदकांचं पातेलं चढलं की पंखा आधी लागतो.

घर असं बंद केलं की दुसरी काळजी घ्यावी लागते. घर तापवणाऱ्या भट्टीचा धूर नीट बाहेर जातो की नाही हे पुन्हा तपासून घ्यायचं. मिनेसोटात प्रत्येक झोपायच्या खोलीपासून दहा फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र कायद्याने लागतं, आणि मोठं हिम पडलं की भिंतीतून बाहेर आलेली भट्टीची नळी आधी मोकळी करायची. गाडी नंतर.

पावसाळ्याआधीच्या तयारीला आमच्याकडे आगोट म्हणतात. आमच्या घरात आता हिवाळ्याचीही आगोट असते, आणि तिची सुरुवात आजोबांकडून शिकले. मेपलची पानं आधी गळतात, ओकची रेंगाळतात. पन्हळ साफ करायची ती ओक रिकामा झाल्यावर, पण पाणी गोठायला लागायच्या आधी. मधे एखाद-दोन शनिवारच मिळतात. पन्हळीत पानं कुजत राहिली तर पाणी तुंबून तिथेच गोठतं आणि त्या बर्फाच्या वजनाने पन्हळ भिंतीपासून सुटते. मग रस्त्यावर उभं राहून दुर्बिणीतून छप्पर बघायचं. कुठे शिंगल उचललंय का, धुराड्याच्या बुंध्याचा पत्रा सुटलाय का, नळाच्या पाइपाभोवतीचा रबरी गळपट्टा तडकलाय का. शिंगल बदलायचं तर उन्हात थोडी तरी ऊब आहे तोवर. त्याच्या पाठीवरची डिंकाची पट्टी उन्हाने तापली तरच खालच्याला धरते, नाहीतर वाऱ्यावर फडफडत राहते.

आजोबांची आगोट हॅलोविनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरला मुलं सोंगं घेऊन दारोदार फिरतात त्या सणाच्या, आत संपते. १९९१ साली हॅलोविनलाच हिम सुरू झालं आणि थांबेपर्यंत इथे २८.४ इंच साचलं, राज्याच्या उत्तरेकडच्या दुलुथ शहरात ३६.९. त्यांची मुलं तेव्हा लहान होती. सोंगावरून जाड जाकिटं चढवून दारोदार फिरली, आणि पन्हळीतली न काढलेली पानं एप्रिलपर्यंत तशीच बर्फात राहिली. ते हे सांगतात तेव्हा सगळ्यात जास्त दुःख त्यांना त्या पानांचं असतं.

छपरावर किती वजन येतं याचा अंदाज आपल्याला नसतो. दहा इंच ताज्या हिमात साधारण इंचभर पाणी धरतात. चौरस मीटरभर जागेवर इंचभर पाणी म्हणजे २५ किलो. ओलं, दबलेलं हिम याहून कितीतरी जड. म्हणून इथल्या नियमांत दक्षिणेकडे चौरस फुटाला ५० पौंड आणि उत्तरेकडे ६० पौंड एवढा जमिनीवरच्या हिमाचा भार धरून छपराचा हिशेब मांडतात. १२ डिसेंबर २०१० ला मिनियापोलिसच्या मेट्रोडोम मैदानाचं हवेने फुगवलेलं कापडी छप्पर १७ इंच हिमाखाली फाटलं. आतल्या कॅमेऱ्याने टिपलेलं ते दृश्य आजोबांनी मला दाखवलं. पांढरं कापड मधोमध पोटासारखं खाली येतं, चिरतं आणि हिमाचा लोट मैदानावर कोसळतो. त्याच जागी २०१६ साली नवं मैदान उघडलं, त्याचं छप्पर उभट उताराचं आहे. कोकणातला कुठलाही सुतार त्यांना हे आधीच सांगू शकला असता, असं माझ्या मनात आलं.

काम झालं त्या सालच्या नोव्हेंबरात पहिलं जाड हिम पडलं, तेव्हा आजोबांनी सकाळी सातला दार वाजवलं. ऊन चढायच्या आत चल म्हणाले. आम्ही गल्लीतून चालत गेलो आणि त्यांनी मला छपरं वाचायला शिकवलं. एका घराचं अर्धं छप्पर काळं पडलेलं, हिम वितळून गेलेलं. दुसऱ्यावर वाशांच्या रेघा उमटलेल्या, लाकडावरचं हिम टिकलेलं आणि मधलं विरलेलं, बरगड्या दिसाव्यात तसं. एकावर फक्त धुराड्याभोवती गोल टक्कल. आणि काही छपरं अशी की कडेपासून कडेपर्यंत पांढरी, सपाट, त्यांच्यावर खारीच्या पावलांखेरीज काही नाही. अशा घरांच्या वळचणीला एकही पागोळी नव्हती.

आमच्या दाराशी आलो तेव्हा मी लगेच वर पाहिलं नाही. आजोबांनी पाहिलं, आणि नुसती मान हलवली.

तेव्हापासून आईचा प्रश्न बदलला आहे. जूनमध्ये मी फोन करून विचारते, "गळलं का गं कुठे?" आणि नोव्हेंबरात ती विचारते, "बाय, राहिला का बर्फ छपरावर?" राहिला म्हटलं की तिला बरं वाटतं.

या वर्षी पहिलं हिम शुक्रवारी रात्री पडलं. सकाळी जाकीट चढवून, चहाचा कप हातात घेऊन मी रस्त्यावर गेले. छप्पर पांढरं होतं. फक्त मागच्या उतारावर, न्हाणीघराच्या बरोबर वर, ताटलीएवढा काळा डाग. पंख्याची नळी पुन्हा सैल झाली असावी, नाहीतर तिच्याभोवतीचा फेस सुकून आक्रसला असेल. मी फोटो काढला, घरात येऊन लेकीला उठवलं आणि टॉर्च शोधायला सांगितला.